सेट चालते

पुंडलिकभाऊ निकुरे बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणतात. नव्या माणसाला हे लवकर कळतं, पण मानायला वेळ लागतो. कारण नियम दोन्हीकडून आहे. त्यांचं 'ओव्हर' येईपर्यंत समोरच्याने तोंड उघडायचं नाही, आणि समोरच्याने 'ओव्हर' म्हटल्याशिवाय ते उत्तर देत नाहीत. किराणा दुकानदार विचारतो, भाऊ, साखर किती देऊ? भाऊ त्याच्याकडे शांतपणे पाहत उभे राहतात. दुकानदारही हट्टी असला तर मागे रांग लागते. शेवटी रांगेतलाच कोणीतरी कंटाळून 'ओव्हर' म्हणून टाकतो आणि भाऊ म्हणतात, "अर्धा किलो. ओव्हर."

एकदा ते मयताच्या घरी भेटायला गेले. दोन वाक्यं बोलले, 'ओव्हर' म्हणाले आणि बसून राहिले. आम्हा सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या घरची बाई पुढे माझ्या बायकोला म्हणाली, आलेला जो तो बोलत होता, हाच एक माणूस माझ्या बोलण्याची वाट पाहत होता. तेव्हापासून मी या सवयीची टिंगल जरा कमी केली. पूर्ण बंद केली नाही, कारण माझा स्वभाव तसा नाही.

सिंधूवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या संसाराला चाळीस वर्षं झाली. त्यांनी या नियमातून स्वतःपुरता फायदा काढला आहे. भांडण सुरू झालं की त्या 'ओव्हर' म्हणतच नाहीत. भाऊ ओसरीवर बसून वाट पाहतात, वहिनी स्वयंपाक करता करता बोलत राहतात, आणि भाऊंची बाजू आजवर एकाही भांडणात मांडली गेलेली नाही.

भाऊ वनखात्यात वायरलेस ऑपरेटर होते. अठ्ठावीस वर्षं. मोबाईल यायच्या आधी आमच्या या मुलचेऱ्याच्या जंगलात एका गावचा माणूस दुसऱ्या गावाशी बोलायचा तो स्वतः चालत जाऊन, नाहीतर भाऊंच्या सेटवरून. प्रत्येक स्टेशनला झाडाचं नाव होतं. कोणी साग, कोणी ऐन, कोणी मोह, कोणी तेंदू. भाऊ 'बिजा' होते. सकाळी सात आणि दुपारी चार वाजता हजेरी व्हायची. एकामागून एक सगळी स्टेशनं पुकारायची आणि प्रत्येकाने आपण जिवंत आहोत असं सांगायचं. एखाद्याचं उत्तर आलं नाही तर पुन्हा पुकारायचं, आणि ते येईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. पुढे मोबाईल आले, सेट गुदामात गेले, भाऊ निवृत्त झाले. उठायचं कधी हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही. रोज चार वाजले की ते अस्वस्थ व्हायचे आणि उगाच फाटकापर्यंत जाऊन यायचे. गाव त्यांना वायरलेसभाऊ म्हणतं ते थट्टेने, आणि ते ऐकून ते खूश होतात, त्यामुळे थट्टा करणाऱ्याची पंचाईत होते.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. मुलचेऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवतो. भाऊ मला 'मेश्राम सर' म्हणतात आणि माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे हैदराबादहून एक कुरिअर आलं. हैदराबादला भाऊंचं कोण आहे, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, खात्याचं काम आहे. खोक्यातून निघाला एक गेम खेळायचा यंत्रडबा. वीतभर लांब, मधे पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या दांड्या आणि बटणं. दोन्ही हातांत धरून कुठेही बसून खेळावं असा. भाऊंनी तो पुसला, उलटसुलट केला, कानाला लावून पाहिला आणि तो घेऊन थेट माझ्याकडे आले.

"सर, ह्या सेटवर ऑनलाइन खेळ चालते का? चार-चार जनांचा? ओव्हर."

मी असलं यंत्र आयुष्यात हातात धरलं नव्हतं. पण विज्ञानाच्या मास्तराला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हा आमच्या धंद्याचा रोग आहे. मी चष्मा चढवून सांगितलं की नाही चालणार. तीन कारणंही दिली. एक तर एवढ्याशा डब्याचा मेंदू लहान, चार जणांची धावपळ एकाच वेळी त्याला झेपायची नाही. दुसरं, त्यात सिमकार्ड बसत नाही. आणि तिसरं, आपल्या गावात फोनलाच रेंज एक दांडी, तीही वारा असेल तशी. एवढं बोलून मी 'ओव्हर' म्हणालो. भाऊंनी सगळं ऐकलं.

"तुमी चालवून पाह्यलं का? ओव्हर."

मी चालवून पाहिलं नव्हतं. भाऊ डबा घेऊन निघून गेले, आणि मी त्या दिवशी बायकोवर विनाकारण चिडलो.

मग ते मुलचेऱ्याला मिथुन मंडलच्या मोबाईल दुकानात गेले. मिथुन जवळच्या बंगाली वस्तीतला. तो बंगालीत विचार करतो, हिंदीत बोलतो आणि मराठीत बिल देतो. तालुक्यातला फुटलेला प्रत्येक फोन त्याच्या हाताखालून गेलेला आहे. त्याने डबा पाहूनच मान हलवली. म्हणाला, "काका, ये बच्चों का खिलौना है. अकेले खेलो तो ठीक. ऑनलाइन में चार लोग आएगा तो ये अटकेगा, फिर सर्वर इसको बाहर फेक देगा." दुकानात बसलेल्या दोघा-तिघांनीही माना हलवल्या. अशा रीतीने आठवड्याभरात सगळ्या पंचक्रोशीचा निकाल लागला की वायरलेसभाऊंचा डबा ऑनलाइन चालत नाही. चालवून कोणी पाहिलं नव्हतं.

मी भाऊंना सरळच विचारलं, या वयात तुम्हाला हा खेळ कशाला हवा? ते म्हणाले, खेळ नको. रोज चार वाजता तिथे हजर राहता आलं पाहिजे. एक स्टेशन वाट पाहतं. कोणतं स्टेशन, असं विचारलं तर त्यांनी 'ओव्हर' न म्हणताच विषय बदलला. त्यांच्या हिशेबाने हे फार मोठं उद्धट वागणं होतं. म्हणून मी पुढे विचारलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस भाऊ फोन समोर धरून गावभर फिरले. गोठ्यामागे, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी गावाचा नकाशा काढला आणि कुठे किती दांड्या आहेत ते पेन्सिलीने लिहिलं. तलाठ्याकडेसुद्धा आमच्या गावाचा एवढा बारीक नकाशा नसेल. बायाबापड्या हसायच्या. मी म्हणालो, भाऊ, गावात रेंजच नाही तर शोधता काय? त्यावर ते जे बोलले ते मी नंतर वर्गात स्वतःचं म्हणून दोनदा वापरलं आहे.

"रेंज नाई असं नसते, सर. रेंज राह्यते, आपन तिथी नसतो. ओव्हर."

त्यांना ती सापडली तळ्याच्या पाळीवर, तिसऱ्या पळसापाशी, जमिनीपासून पंधरा फूट वर. तिथे तीन दांड्या होत्या. पंधरा फूट वर बसून खेळणं शक्य नव्हतं. मग भाऊंनी एक लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला लोणच्याची प्लास्टिकची बरणी बांधली, बरणीत फोन ठेवला, फोनचं हॉटस्पॉट चालू केलं आणि बांबू उभा करून पळसाला करकचून बांधला. फोन वर टॉवरशी बोलणार, आणि खाली स्टुलावर बसलेल्या भाऊंच्या डब्याला नेट देणार. सिमकार्डाची गरजच उरली नाही. मी बावीस वर्षं लहरी, तरंग आणि अँटेना शिकवत आलो आहे. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही, याचा मला अजून राग आहे.

आणि यंत्र चाललं. पहिले आठ दिवस अडकत अडकत. खेळ असा की एका बेटावर पंचवीस तुकड्या उतरवतात, एका तुकडीत चार जण, सगळ्यांनी एकमेकांना मारायचं आणि शेवटी जी तुकडी उरेल ती जिंकली. भाऊ बटण दाबायचे आणि त्यांचा माणूस अर्ध्या सेकंदाने वळायचा. तोवर गोळी लागलेली असायची. मिथुन म्हणाला, बघा, मी सांगितलं होतं. भाऊ म्हणाले, आवाज जाऊन यायला वेळ लागतो, तो वायरलेसवरही लागायचा, आपण घाई करायची नाही. ते अर्धा सेकंद आधी वळायला शिकले. ते जिंकत नव्हते, पण सर्वरने त्यांना बाहेरही फेकलं नाही. मिथुनने नंतर दुकानात एकट्याने असा डबा मागवून पाहिल्याचं माझ्या कानावर आलं. त्याचाही चालला. ही गोष्ट तो अजून कबूल करत नाही.

तुकडीतले बाकीचे भिडू कुठले कुठले. दिल्लीचा एक, लखनौचा एक. सगळे एकदम माइकमध्ये ओरडणारे, शिव्या देणारे. भाऊंनी चौथ्या दिवशी त्यांना हिंदीत बजावलं, एक टाइम पे एकच स्टेशन बोलेगा, बाकी सब बटन छोड के सुनेगा. ती पोरं खूप हसली. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे एकेकाने बोलले की शत्रू कुठून येतो ते ऐकू येतं. आठवड्याभरात ती पोरं शिव्यांच्या शेवटीसुद्धा 'ओव्हर' म्हणायला लागली. दिल्लीवाला आता घरी आईशी बोलतानाही 'ओव्हर' म्हणतो आणि मार खातो, असं भाऊंनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

एकदा वानराने बरणी पळवली. खेळ ऐन रंगात असताना बांबूवर चढून, बरणी उपटून, ते शेजारच्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. आम्ही दहा जण खाली दगड घेऊन उभे. भाऊ मात्र स्टुलावरून हलले नाहीत, पडद्यावरची नजर काढली नाही. वानर वर आहे तोवर रेंज चार दांड्या आहे, त्याला कोणी हाकलू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या डावात त्यांची तुकडी तिसरी आली. तेवढी वर ती पुन्हा कधी आली नाही.

मला हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण भाऊंच्या मुलीला ते जमण्यासारखं नव्हतं. अर्चना चंद्रपूरला शिक्षिका आहे. महिन्या-दोन महिन्यांनी खेळाची नवी भरताड, म्हणजे अपडेट, यायची, ती एवढी मोठी की बरणीतल्या फोनला तीन दिवस लागले असते. म्हणून भाऊ एसटीने चंद्रपूरला मुलीकडे जायचे. अर्चनाला वाटायचं बाबा भेटायला आले. ती सुट्टी काढायची, पातोड्यांची भाजी करायची. भाऊ तिच्या वायफायच्या डबीजवळ खुर्ची ओढून बसायचे, भरताड भरली की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत. चार वाजता इथे पोचायचं असायचं. तिसऱ्या खेपेला तिने भाजी केली नाही. भाऊंच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि मग या उन्हाळ्यात भाऊ पाळीवरून घसरले. पाय मुरगळला, तीन आठवडे पट्टा बांधला. त्या तीन आठवड्यांतही रोज साडेतीनला काठी टेकत ते पाळीवर जायचे. वहिनी ओट्यावरून बोलायच्या, अर्थात 'ओव्हर' न म्हणता, आणि भाऊ ऐकत ऐकत निघून जायचे.

एका रविवारी सकाळी अर्चनाचा मला फोन आला. ती रडवेली होती. म्हणाली, सासष्ट वर्षांचा माणूस, पाय धड नाही, एका खेळण्यासाठी तळ्याच्या पाळीवर चढतो. उद्या पाण्यात गेले म्हणजे? सर, ते तुमचं ऐकतात. त्यांना सांगा की हे मशीन आता चालणारच नाही. नवीन नियम आला, हातातल्या मशीनवर ऑनलाइन बंद झालं, काहीही सांगा, तुम्ही सायन्सचे आहात.

ते माझं ऐकतात हे खरं नव्हतं. पण ऐकायला बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, दोन वर्षांपूर्वी माझी तीन कारणं खोटी पडली होती, त्याचं उट्टं काढायची संधी चालून आली होती. मी हो म्हणालो.

दुपारी साडेतीनला मी पाळीवर गेलो. ऊन होतं आणि वारा सुटला होता. पळसाखाली भाऊ स्टुलावर बसले होते, दुखरा पाय लांब केलेला, काठी बाजूला. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. नवा नियम, नवा सर्वर, हातातली यंत्रं आजपासून बाहेर. दोन-तीन इंग्रजी शब्द मी तिथल्या तिथे तयार केले. बोलून झालं आणि मी गप्प राहिलो. भाऊही गप्प. मला त्यांचा नियम आठवला आणि मी नाइलाजाने 'ओव्हर' म्हणालो.

"अर्चनाचा फोन आला व्हता का? ओव्हर."

मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "बसा. चार वाजाले पाच मिनिटं हायेत. आज नाई चाललं त सेट तुमच्या हाती देतो अन् घरी येतो. पाळीवर पाय नाई ठेवत पुन्हा. चाललं त तुमी पोरीले खरं सांगा. ओव्हर."

मी बसलो. चालू नये असंच मला वाटत होतं.

चारला डबा चालू झाला. पडद्यावर बेट आलं, निळं पाणी, नारळाची झाडं. भाऊंचा माणूस किनाऱ्यावर उतरला. दिल्ली आणि लखनौ डाव्या हाताला पळाले. भाऊ त्यांच्या मागे गेले नाहीत. ते उजवीकडे वळून किनाऱ्याने चालत राहिले. एवढ्यात वाऱ्याचा जोर वाढला आणि पळसाला बांधलेली दोरी तुटली. काथ्याचीच ती, दोन उन्हाळे पाहिलेली. बांबू तळ्याच्या बाजूला कलला आणि एका फांदीवर अडकून राहिला. पडद्यावरचा माणूस एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबला. मधोमध एक गोल फिरायला लागला.

भाऊंनी काठीला हात घातला. उठायला गेले आणि पुन्हा बसले. पायाने साथ दिली नाही.

मी काही केलं नसतं तरी चाललं असतं. कोणाला खोटं बोलायची गरज नव्हती. अजून अर्धं मिनिट, आणि सर्वरने त्यांना खरोखर बाहेर फेकलं असतं, भाऊंनी दिलेला शब्द पाळला असता, डबा माझ्या हातात आला असता. भाऊंनी मला बांबू धरा असं म्हटलं नाही. ते त्या गोलाकडेच पाहत होते.

"तो तिथी उभा हाये. राजन्ना," ते म्हणाले. पुढे 'ओव्हर' आलं नाही. त्यांचं बोलणं संपलंच नव्हतं, त्यांना पुढे बोलता येत नव्हतं.

मी उठलो आणि दोन्ही हातांनी बांबू सरळ केला. बांबू दिसतो त्यापेक्षा जड असतो, आणि पंधरा फुटांवरच्या बरणीला वारा लागला की तो अंगावर येतो. छाती लावून धरला तेव्हा कुठे स्थिर झाला. गोल नाहीसा झाला. माणसाने उचललेला पाय खाली टेकवला.

किनाऱ्यावर एक मोडकी होडी होती. तिच्याशेजारी दुसरा एक माणूस उभा होता, त्यांच्याच तुकडीतला चौथा. डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं, तेंदू. भाऊंचा माणूस जवळ गेला तसा तो दोनदा खाली बसला आणि दोनदा उठला. भाऊंनीही आपल्या माणसाला दोनदा बसवलं, उठवलं. मग दोघं होडीपाशी शेजारी शेजारी बसले. मागे कुठेतरी गोळ्यांचा आवाज येत होता. या दोघांना त्याचं काही नव्हतं.

मग भाऊंनी पडद्यावरची नजर न हलवता मला सांगितलं. राजन्ना दुर्गम, म्हणजे 'तेंदू', हे सिरोंच्याच्या बाजूचं स्टेशन. सव्वीस वर्षं रोज सकाळी सातला आणि दुपारी चारला दोघं बोलले. एकमेकांच्या पोरांची नावं, दुखणी, बदल्या, सगळं त्या सेटवर झालं. तोंड मात्र आजपर्यंत पाहिलेलं नाही. वायरलेसवर तोंड कोण पाहतं? निवृत्तीनंतर फोनवर बोलत राहिले. तीन वर्षांपूर्वी राजन्नाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला.

"फोन केला त तो आयकते. मी एकटाच बोलून राह्यतो, तिकडून निस्ता श्वास येते. मंग त्यानं फोन उचलनंच बंद केलं. लिहून पाठवते त तेलुगूत, मले वाचता येत नाई. व्हिडिओले नाई म्हनते, गळ्याले भोक हाये म्हनून लाज वाटते त्याले. अन् इतक्या वर्सानं मी बी पह्यल्यांदा तसा काऊन पाहू त्याले? त्याच्या पोरीनं, हैदराबादच्या, दोन सेट घेतले. एक त्याले, एक मले. ओव्हर."

मी विचारलं, ते दोनदा उठणं-बसणं काय होतं? भाऊ म्हणाले, वायरलेसवर एखाद्याला बोलता येत नसेल, जवळ साहेब असेल किंवा जनावर असेल, तर तो नुसतं बटण दोनदा दाबायचा. दोनदा खट्खट् झालं की समजायचं, आहे, ऐकतो आहे. राजन्नाला या बेटावर तेच करता येत होतं. इथे त्याला आवाज लागत नव्हता. इथे कोणालाच त्याचा आवाज गेल्याचं माहीत नव्हतं, दिल्लीला आणि लखनौला तर तो फक्त फार शांत भिडू वाटायचा.

मी म्हणालो, सिरोंच्याला जाऊन का येत नाही? भाऊ म्हणाले, जाईन. तो ये म्हणेल तेव्हा. अजून त्याच्या मनाची तयारी नाही. तोवर त्याला कोणी पुकारलं पाहिजे ना.

माझ्या खिशातला फोन वाजला. एका हाताने बांबू सांभाळत मी तो काढला. अर्चना होती. आवाज तुटत होता.

"सर, सांगितलं का बाबांना?"

वारा अंगावर येत होता, हात भरून आले होते, आणि मला एकाएकी त्या मिथुनचा, त्या पंचक्रोशीचा आणि दोन वर्षांपूर्वीच्या माझा फार राग आला.

"चालते, अर्चना," मी म्हणालो. "हातातलं मशीन आहे, तरी ऑनलाइन चालते. चार जणांत चालते. मी इथे उभा राहून पाहतो आहे. त्यांच्यासोबत राजन्ना आहेत. सिरोंच्याचे. त्यांचा आवाज गेला आहे."

ती हळू आवाजात म्हणाली, राजन्नाकाका? ते तर मी दहावीला होते तेव्हा रोज चार वाजता विचारायचे, आज कोणता पेपर झाला म्हणून. बाबा मला सेटजवळ बसवायचे. त्यांचा आवाज गेला, हे बाबांनी मला सांगितलंच नाही.

तिने विचारलं, तुम्ही एवढे धापा का टाकताय? मी सांगितलं की बांबूची दोरी तुटली आहे आणि तो मी धरला आहे. राजन्ना जाईपर्यंत धरणार आहे. पाळीवर येऊ नका असं तुझ्या बाबांना सांगायचं असेल तर तू स्वतः ये आणि सांग, मी सांगणार नाही.

मग तिने विचारलं, पुढच्या शनिवारी येते, नायलॉनची दोरी किती मीटर आणू?